आजच वाढव

"संपला म्हणू नये रे झिला. वाढला म्हणावा."

लालबागच्या आमच्या गल्लीत मालवणी मसाला घ्यायला गेलात आणि रिकामी बरणी बघून "संपला का हो?" असं विचारलंत, की मावशी आधी हे सांगायच्या आणि मग उद्या या म्हणायच्या. सांगताना उजव्या हाताचा पालथा पंजा गल्ल्यावरून फिरवायच्या. तुमच्या तोंडून पडलेला शब्द त्या झाडून टाकत.

आता नारळ आपण सगळेच वाढवतो. बांगडी पिचली तर वाढली म्हणतो, दुकानदार संध्याकाळी दुकान वाढवतात. तुमच्या घरातही एखादी आजी किंवा आत्या असं बोलणारी असेल. पण मावशींचं सगळंच वाढायचं. गॅसचा सिलेंडर वाढायचा, मोबाइलची बॅटरी वाढायची, रद्दीवाल्याकडचे सुटे पैसे वाढायचे. मागच्या टॉवरमध्ये नव्याने राहायला आलेल्या एक बाई "मसाला वाढलाय" हे ऐकून "मग दोन किलो द्या" म्हणाल्या होत्या. मावशींना त्यात काय चुकलं ते कळेना आणि त्या बाईंनाही कळेना. आम्ही समोरून हसत होतो.

मी त्यांच्या समोरच्याच इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बसतो. टीव्ही, फ्रिज विकणारे वेगळे; मी ते हप्त्यावर घ्यायला कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस. माझं टेबल कोपऱ्यात, 'आता घ्या, पैसे नंतर द्या' या पाटीखाली. घरी निघताना मी समोर हात करून "जातो मावशी" म्हणायचो, तेव्हा हातातला मापाचा डबा तसाच ठेवून त्या ओरडायच्या, "जातो नाय. येतो म्हण." मी येतो म्हणेपर्यंत समोरच्या गिऱ्हाइकाला मसाला मिळत नसे.

एका पाडव्याला त्या आमच्या दुकानात आल्या. वॉशिंग मशीन बघायचं होतं. मसाल्याच्या दिवसांत त्यांची लुगडी मिरचीच्या पुडीने भरलेली असत, ती धुताना हाताची आग व्हायची. दोन बोटांना तर कायमच्या चिरा पडल्या होत्या. मशीन अठरा हजारांचं. त्यांच्याकडे डब्यात सहा होते.

"चैत्र-वैशाखात धंदा होतो. मग घेते," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

त्या निघाल्या होत्या हो. मीच हाक मारली. महिन्याचं टार्गेट दोन गिऱ्हाइकांनी अडलं होतं.

"मावशी, पाडव्याचा मुहूर्त कशाला घालवता? आज न्या. तीन महिन्यांत फेडलंत तर व्याज शून्य."

व्याज म्हणताच त्या थांबल्या. मग स्टुलावर बसून त्यांनी मला सासूच्या पाटल्यांची गोष्ट सांगितली. सावकाराकडे ठेवलेल्या. मूळ रक्कम पैन्‌पै फेडली होती, पाटल्या गेल्या त्या व्याजात. सासू त्यानंतर वीस वर्षं जगली आणि रोज सकाळी उठल्यावर रिकामी मनगटं चोळायची. "तेव्हापासून मी कोणाला व्याजाचा एक रुपया दिला नाय," मावशी म्हणाल्या. "घेतला पण नाय. सगळा मान्य आहे, पण शून्य म्हणजे शून्य ना?"

"शून्य म्हणजे शून्य," मी म्हटलं. "फक्त तारीख चुकवायची नाही. एक रुपया राहिला, तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज लागतं."

हे मी त्यांना नीट सांगितलं होतं, एवढं मात्र माझ्या बाजूने लिहून ठेवतो. पुढचं काहीच माझ्या बाजूचं नाही.

मशीन आलं. पहिल्याच दिवशी त्यांनी झाकण उघडं ठेवून ते चालू केलं आणि मिरचीच्या वासाने त्यांच्या चाळीच्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांतली माणसं शिंकत बाहेर आली. मावशी खूश होत्या. आता आग होत नाही म्हणून गिऱ्हाइकाला हात पुढे करून दाखवायच्या. मसाल्याच्या कॅलेंडरवर, म्हणजे तेल लागून पारदर्शक झालेल्या त्या कागदावर, शेवटच्या तारखेला त्यांनी कुंकवाचं बोट टेकवलं होतं. दोनदा पैसे जमले तेव्हा रुमालात गुंडाळलेला फोन घेऊन माझ्याकडे आल्या, मी भरून दिले. बारा हजार फिटले.

तिसऱ्यांदा आल्या तेव्हा कुंकवाचाच दिवस होता. सहा हजार सकाळीच बँकेत टाकून आल्या होत्या. पण दुकानात एसीचा सेल होता, माझ्यापुढे पाचजण उभे. मी एका खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर कंपनीचा नंबर लिहिला. "मावशी, आज तुम्हीच फोन करा. मराठीचं बटण दाबा, बँकेतून पैसे घेऊन कर्जाचं खातं बंद करायला सांगा की झालं."

दोन मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही.

पाच वाजता त्या परत आल्या. हातात वाटीभर रव्याचे लाडू.

"झालं रे," त्या म्हणाल्या. "इतकी गुणी पोर होती फोनवर. मी म्हटलं, बाई, माझा खाता वाढव. ती म्हणते, नक्की वाढवू ना मॅम? मी म्हटलं, होय गो, आजच वाढव. मग एक दाबा म्हणाली, मी एक दाबला. आणि शेवटी स्वतःच्या तोंडाने म्हणाली, वाढवलं मॅम. हल्लीच्या पोरी सरळ बंद केलं म्हणतात. हिला घरात कोणीतरी शिकवलाय."

मी लाडू खाल्ला. खाताना मनात काहीतरी टोचलं, हे मी आता नाकारत नाही. 'वाढव' हा शब्द कानाला लागला होता. मुदत रात्री बारापर्यंत होती, म्हणजे सात तास हातात होते आणि त्यांचं खातं माझ्या समोरच्या स्क्रीनवर उघडता आलं असतं. पण रांगेतला माणूस घड्याळ बघत होता. "छान झालं, मावशी," मी म्हणालो.

महिन्याने त्या फोन घेऊन आल्या. हप्त्याचा मेसेज होता. फोनवरच्या मुलीने खातं वाढवलं होतं, म्हणजे मुदत वाढवली होती, आणखी नऊ महिने. पहिल्या दिवसापासूनचं व्याज लावून.

मी कंपनीशी भांडलो. तक्रार केली. आठवड्याने त्यांच्या माणसाचा फोन आला. शांतपणे म्हणाला, "सर, कस्टमरने स्वतः सांगितलंय. रेकॉर्डिंग ऐकवतो." मावशी समोरच स्टुलावर होत्या. मी स्पीकर लावला. आधी ती मुलगी बोलली, अगदी अदबीने. मग मावशींचा आनंदातला आवाज आला.

"होय गो, आजच वाढव."

दुकानातला एक सेल्समन हसला. त्याला गोष्ट माहीत नव्हती, त्याला दोष देत नाही. मावशींनी फोन माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "आवाज माझाच आहे. त्या पोरीचा काय चुकला?"

व्याज आणि कसलंसं शुल्क मिळून अकराशे बेचाळीस रुपये. मी म्हटलं, मावशी, हे मी भरतो, चूक माझी आहे. त्यांनी तो पालथा पंजा टेबलावरून फिरवला. "तू भरलास तरी व्याज माझ्याच नावाचा," त्या म्हणाल्या. सगळी रक्कम त्यांनी त्याच दिवशी भरायला लावली. भरून झाल्यावर मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली, तर त्या आपल्या मनगटांकडे बघत होत्या.

"आता काय म्हणायचा ह्यांना? बंद कर म्हण."

मी फोनवर तसं म्हणालो आणि खातं बंद झालं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी मसाला आणायला गेलो. बरणी रिकामी होती. मी मुद्दाम, त्यांनी ओरडावं म्हणूनच, विचारलं, "संपला का मावशी?"

"संपला," त्या म्हणाल्या.

मला वाटलं रागावल्या असतील, चार दिवसांनी विसरतील. त्या रागावल्या नव्हत्या. माझ्याशी बोलायच्या, लाडूही द्यायच्या. पण गॅस संपायला लागला, बॅटरी संपायला लागली. संध्याकाळी शेजारच्या फुलवाल्याने विचारलं की त्या "दुकान बंद करते" म्हणायच्या. साठ वर्षं जिभेवर असलेली गोष्ट एका फोनने गेली. अकराशे बेचाळीस रुपयांचं मला फार वाटत नाही. मी त्यांची बोली घालवली, याचं वाटतं.

हल्ली माझ्या टेबलावर वयस्क माणूस आला की मी पुठ्ठ्यावर नंबराच्या खाली मोठ्या अक्षरात लिहून देतो : 'बंद करा' असंच म्हणा. काहीजण कचरतात. परवा एक आजोबा म्हणाले, "असं तोंडावर कसं म्हणायचं हो?" मी म्हटलं, म्हणायचं. नाहीतर व्याज लागतं.

मावशींनी पुढच्या वर्षी दुकान दुसऱ्याला दिलं आणि त्या कणकवलीकडे गावी गेल्या. गुडघे चालत नव्हते. वॉशिंग मशीनही तिथेच मुलाकडे पाठवलं. निघायच्या दिवशी दुपारी माझ्याकडे आल्या, पाव किलो मसाल्याची पुडी टेबलावर ठेवली. माझ्यापुढे त्या दिवशी एकच गिऱ्हाईक होतं आणि त्याला घाई नव्हती.

"जाते रे," त्या म्हणाल्या.

येते म्हणा, मावशी. एवढंच म्हणायचं होतं. इतकी वर्षं त्या मला सांगत आल्या होत्या. पण मी कुठल्या तोंडाने सांगणार? मी मान हलवली. त्या पायरी उतरून गेल्या, आणि दिवाळीच्या आधी गावाहून त्यांच्या मुलाचा फोन आला : आई गेली.