विरोळ्यांची जेवणवेळ

अनिरुद्धरावांना विरोळ्यांचं, त्या बिनविषारी पाणसापांचं, वेड होतं, आणि वेड नवऱ्याचं असलं तरी ते सांभाळावं लागतं बायकोला. तिरुवैयारूला कावेरीच्या एका फाट्याच्या काठी त्यांचं घर. परसदार उघडलं की दगडी पायऱ्या आणि पाणी. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यापासून तिन्हीसांजेला कॉफीचा टंबलर घेऊन ते वरच्या पायरीवर बसायचे, अंधारून दिसेनासं होईपर्यंत. पाण्यातून विरोळ्याचं इवलंसं डोकं वर आलं की यांचा चेहरा खुलायचा. पोटच्या पोरीला जेवताना त्यांनी इतक्या कौतुकानं कधी पाहिलं नव्हतं.

"मासा असला तर डोक्याकडनं गिळतो, म्हणजे पर घशात अडकत नाहीत," ते राजमला सांगत. "बेडूक मात्र बहुतेक मागच्या पायांकडनं. मारतबिरत नाही, जिवंतच."

राजम भांडी विसळता विसळता हूं म्हणायची. मागनं गिळला जाणारा बेडूक बराच वेळ ओरडतो, आणि तो आवाज तिला ऐकवायचा नाही. पण संसारात तिनं याहून पुष्कळ ऐकून घेतलं होतं.

त्यातलंच एक म्हणजे पूची. राजम पापनाशमच्या मराठी घरातली. तिच्या माहेरी दिवे लागले की सापाचं नाव घेत नसत. नाव घेतलं की तो येतो म्हणे. त्याला पूची म्हणायचं. तमिळात पूची म्हणजे किडा, पण कोणत्या सुरातली पूची म्हणजे किडा आणि कोणत्या सुरातली म्हणजे साप, हे त्या घरातल्या मांजरालाही कळत असावं. लग्नानंतर अनिरुद्धरावांनी हे आधी हसण्यावारी नेलं, मग ते चिडू लागले. "पूची म्हणजे मुंगी, गांधीलमाशी. सापाला साप म्हण. विरोळ्याला विरोळा म्हण, नागाला नाग म्हण." मास्तर हट्टाला पेटले की राजम पदर खोचून ते सांगतील तसं म्हणे. पुढे विनुता झाली, तिच्या तर दुसरा अर्थ कानावरच पडला नाही. घरात पूची म्हणजे किडा, एवढंच उरलं. अनिरुद्धरावांना याचा अभिमान होता.

गेल्या पावसाळ्यात फाटा तुडुंब भरला आणि बेडकांचा सुकाळ झाला. बेडकांमागे विरोळे आले. विरोळ्यांमागे कोण येतं, हे अनिरुद्धरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. मण्यार दुसरे साप खाते, हे त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं. स्वतःच्या परसात मात्र ते त्यांच्या मनातही आलं नाही.

त्या संध्याकाळी एका थोराड विरोळ्यानं बेडूक धरला होता, पायांकडनं. अनिरुद्धराव पुढे वाकून बघत होते. मागून, नारळाच्या झावळ्यांच्या ढिगाकडून, राजमचा आवाज आला.

"पूची चावली हो, पायाला."

"चुना लाव," ते मान न वळवता म्हणाले.

ती थोडा वेळ तिथंच उभी राहिली असावी. "चुना पुरे?"

"पुरे गे. आवाज करू नको, तो घास टाकून देईल."

जीव घाबरला तसा राजमच्या तोंडी माहेरचा शब्द आला होता. नवरा चुना म्हणाला म्हणजे विरोळाच असणार, असं तिनं धरलं. विरोळा चावला तर काही होत नाही, हे त्यानंच तिला शंभरदा सांगितलं होतं. मण्यारीचा दंश दुखतही नाही फारसा. तिनं पानाच्या डब्यातला चुना लावला आणि दोशांना तवा ठेवला.

जेवताना तिच्या पापण्या मिटायला लागल्या. दमलीस, म्हणून ते हसले. मग तिला घास गिळेना. जीभ जड झाली. तेव्हा कुठे त्यांनी विचारलं, काय चावलं?

"सांगितलं की," ती कशीबशी म्हणाली. "काळी. पांढऱ्या पट्ट्यांची. पूची."

तंजावरच्या वाटेवर टॅक्सीतच तिचा श्वास अडखळू लागला. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. राजम वाचली नाही.

विनुता चेन्नईहून आली. भेटायला येणारे म्हणत, मण्यार चावलेली कळतच नाही, बिचारीला पत्ताही लागला नसेल. अनिरुद्धराव ते ऐकून घेत आणि प्रत्येक वेळी त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. तेराव्यानंतर मात्र त्यांच्यानं राहवेना. मुलीला परसदारी नेऊन त्यांनी सगळं सांगितलं, राजमचे शब्द आणि आपले शब्द, जसेच्या तसे. तिनं ओरडावं, तोंडावर दार आपटून निघून जावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

विनुतानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "पूची म्हणजे पूचीच ना अप्पा," ती म्हणाली. "अम्मानं साप म्हणायचं होतं. तुम्हाला कसं कळणार?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती नुसती समजूत घालत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. चूक राजमची ठरली होती, आणि तिची बाजू ज्याच्यावर उभी राहावी तो अर्थ त्यांनीच या घरातून हाकलला होता.

"नाही गे," ते म्हणाले. खाली पाण्यात एक बेडूक ओरडायला लागला. विनुता कुतूहलानं वाकून बघू लागली, आणि अनिरुद्धरावांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.