आई, मी आणि सायलेंट व्हॅलीतली काळी माकडं

दिवाळीच्या सुट्टीत केरळातल्या सायलेंट व्हॅलीला जायचं मी उन्हाळ्यातच ठरवलं होतं. बरोबर येणारी मैत्रीण ऐनवेळी गळाली, तेव्हा पेडगावला आईला फोन केला.

"काय हाय तिथं?"

"डोंगर, बारा महिने हिरवं जंगल आणि सिंहपुच्छ माकडं."

"माकडं बघायला एवढ्या दूर? आपल्या तुरीत येऊन बस की."

तरी आली. वडील गेल्यापासून शेत सोडून ती कुठे गेलीच नव्हती.

परभणीहून सिकंदराबाद, तिथे गाडी बदलून पालघाट. पुढे मन्नारकाडची बस आणि तिथून घाटातून मुक्काली. राष्ट्रीय उद्यानात जाणारी जीप मुक्कालीतूनच मिळते. आपली गाडी आत नेता येत नाही, म्हणून जागा आधीच नोंदवून ठेवा. भाडं अख्ख्या जीपचं असतं, सोबत मिळाली तर वाटून घेता येतं. जळवांसाठी लांब मोजे हवेतच. जेवायला जाड, तांबूस भात मिळतो. मला आवडला. आईने दोन घास खाऊन पिशवीतले धपाटे काढले.

सकाळी आत शिरलो आणि ऊनच नाहीसं झालं. दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांत गुंतलेली, खोडांवर शेवाळ, सगळीकडून पाणी ठिबकायचा आवाज. आईने जीपमधल्या गाईडला आपल्या हिंदीत विचारलं, "तुमारे माकडां खेत में नै आते क्या?"

तो हसला. ही माकडं जमिनीवर फारशी उतरतच नाहीत, म्हणाला. फांदीवरून फांदीवर जातात. मध्ये झाडं तुटली की कळप अलीकडेच अडकतो. असल्या जंगलाबाहेर ती कुठे जगत नाहीत आणि असलं जंगल आता थोडंच उरलंय.

"मंग गरीबच म्हनायची," आई मला म्हणाली.

एका वळणाअलीकडे ती माकडं दिसली. काळं कुळकुळीत अंग, तोंडाभोवती करडी आयाळ, शेपटीला गोंडा. एका मादीच्या पोटाला पिल्लू बिलगलेलं. आम्ही श्वास रोखून बघत होतो, तेवढ्यात मागच्या जीपमधून कुणीतरी बिस्किटं फेकली. मादी सरसर खाली आली आणि रस्त्याच्या मधोमध बसून बिस्किट उचलू लागली.

वळणापलीकडून परतणाऱ्या जीपचा आवाज आला. मला काही सुचेपर्यंत आई खाली उतरली होती. पदर सोडून दोन्ही हातांनी हलवत ती वळणाकडे धावली. "ओ, थांबा! लेकरू हाय!"

करकचून ब्रेक लागला. जीप तिच्यापासून दोन हातांवर थांबली. मादी पिल्लासकट झाडावर पोचली होती.

गाईड आधी आईवर ओरडला. गाडीतून उतरायची परवानगी नसते, हे त्याने सकाळीच बजावलं होतं. मग मागच्या जीपकडे जाऊन त्याने बिस्किटांचा पुडा काढून घेतला. आई जीपमध्ये येऊन बसली. मी तिचे हात हातात घेतले.

"वरडू दे त्याला," ती म्हणाली. "बरोबर हाय त्याचं."

पुढे टेहळणीच्या मनोऱ्यावरून दिसणाऱ्या डोंगररांगा सुंदरच आहेत, त्यासाठीही नक्की जा. पण मी त्या नीट पाहिल्याच नाहीत. आईकडेच बघत होते.

घरी आल्यावर आई बदलली वगैरे म्हणणार नाही. तुरीत माकडं शिरली की अजूनही ती डबा बडवत धावते. पण संक्रांतीला पेडगावला गेले तेव्हा भाऊ रुसलेला होता. बांधावरची चिंचेची झाडं तोडायला त्याने लाकूडवाला बोलावला होता आणि आईने त्या लाकूडवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

"सावलीनं पीक मरायलंय," भाऊ म्हणाला, "आन् त्याच झाडांवरनं माकडं येत्यात."

"येऊ दे," आई भाकरी थापत म्हणाली. "तुरीत उतरली की मी हाकलते. वरची वाट त्येंची हाय."