उजेडाला धरलेली नोट

नोट हातात आली की ते ती आधी जनेलाकडे, म्हणजे खिडकीकडे, धरत. एक बाजू पाहत, मग दुसरी. कडेवरून अंगठा फिरवत. समोर उभा असलेला भाविक दहा रुपयांचा असो की दहा हजारांचा, तेवढा वेळ त्याला चोरासारखे उभे राहावे लागे. मग ते नोट मेजावर ठेवत आणि म्हणत, "आज चलता. फाल्यांचा तो बघतलो."

आजची चालते, उद्याचे तो पाहील. 'तो' म्हणताना त्यांचा अंगठा खांद्यावरून मागे, गाभाऱ्याकडे जात असे.

पेडणे तालुक्यातल्या एका देवस्थानाचे ते बरीच वर्षे खजिनदार होते. सभामंडपातले जनेल, त्याखालचे मेज, मेजामागचे बसायचे कदेल आणि शेजारी फंडपेटी, एवढी त्यांची हद्द. दिवसा ते तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पगार वाटायचे काम करत. कोल्हापूर-बेळगावकडच्या कामगारांना पाकिटातून रोख पगार मिळत असे, तोपर्यंत ते काम होते. पगार बँकेत जमा होऊ लागले आणि ते काम संपले. त्यानंतर ते पूर्ण वेळ देवाचे झाले. भक्तीमुळे नव्हे, हातात नोटा येण्याची दुसरी जागा उरली नव्हती म्हणून.

मी तेव्हा एका मराठी दैनिकासाठी पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके पाहत असे. जत्रेची बातमी त्यांच्या मेजावरूनच घ्यावी लागे. "पत्रकारानूं, तुमचो पेपर आज चलता," एवढे बोलून ते माहिती देत.

देवाच्या पेटीत माणसे काय टाकतात, हे तुम्ही कधी पाहिले आहे का? चिकटपट्टीने जोडलेल्या नोटा. बाद झालेल्या चवल्या-पावल्या. मासळीवाली घेत नाही म्हणून घरात साठलेली दहाची नाणी. एका वर्षी लहान मुलांच्या खेळातली नोटही निघाली होती, नीट चार घड्या घातलेली. बाजारात कोणी घेत नाही ते देवाला द्यायचे, याला आमच्याकडे श्रद्धा म्हणतात. त्यांच्याकडे दुसरा शब्द होता, तो छापण्याजोगा नाही.

एकदा नव्या गाडीला हार घालून आलेल्या एका गृहस्थांनी मेजावर अर्धी जळालेली शंभराची नोट ठेवली.

"ही खंय गावली?" खजिनदारांनी विचारले.

"घरातच होती."

"मगे घरातच ऱ्हवांदी. देवाचा घर म्हणजे तुमच्या घराची अडगळ न्हय."

गृहस्थ रागावले. समितीकडे तक्रार करीन म्हणाले. खजिनदारांनी त्यांना समितीचा अध्यक्ष कुठल्या खांबापाशी झोपला आहे, ते बोटाने दाखवले.

हा तिरस्कार कुठून आला, ते मला एका दुपारी त्यांच्या घरी कळले. त्यांचे वडील तांदळाचे लहान व्यापारी होते. पाखल्यांचे, म्हणजे पोर्तुगिजांचे, राज्य गेले आणि त्यांच्या नोटा बदलून घ्यायला मुदत मिळाली. सगळा गाव रांगेत गेला. वडिलांनी अर्ध्या नोटा बदलल्या आणि अर्ध्या तांदळाच्या कणगीखाली ठेवल्या. पाखले परत येणार, अशी त्यांची खात्री होती.

"बापूस रेडिओक कान लावन बसायचो. लिस्बनसून बोट सुटली काय म्हणान," खजिनदार मला म्हणाले. "पोरां शाळेत माका विचारीत, तुझो बापूस गव्हर्नर कधी होतलो?"

वडील वाट पाहतच गेले. कणगीखाली बंडले तशीच होती, वाळवीने कडा खाल्लेली.

"काय केलंत त्यांचं?"

"चुलीत घातलंय. न्हाणयेचा पाणीसुद्दां तापाक नाय."

वडिलांविषयी इतक्या थंडपणे बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि थंडपणा हा माझा व्यवसाय आहे.

त्यांची बायको आतून चहा घेऊन आली. कप ठेवताना ती म्हणाली, "मेल्या माणसाक कित्याक हसतात?" त्यांनी कप उचलला. ती एकच अशी होती, जिला ते उलट उत्तर देत नसत.

एकच मुलगा होता. त्याने ट्रक घेतला होता आणि मुळगावच्या बाजूचे खनिज आमोण्याच्या धक्क्यावर नेऊन ओतत असे. त्या वर्षांत ट्रक असलेला मुलगा म्हणजे सोन्याचा. जत्रेला तो बापाच्या मेजावर कोऱ्या नोटा ठेवी आणि बाप त्याही जनेलाकडे धरी. "आज चलता." मुलगा हसून पुढे जाई.

मग खाणी बंद झाल्या. ट्रक ताडपत्रीखाली उभा राहिला, त्याच्या टायरांत गवत वाढले, आणि शेवटी तो विकला. त्या वर्षीच्या जत्रेत मुलगा नेहमीसारखा रांगेतून आला आणि त्याने पाचशेची एक नोट मेजावर ठेवली. बापाने ती उजेडाला धरली. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरली.

"आज चलता," ते म्हणाले. "कोणाकडसून मागान आणलंस?"

रांग हसली. रांगा हसतातच. मुलाने नोट परत घेतली नाही, पावतीसाठीही थांबला नाही. तो देवळाच्या पायऱ्या उतरला आणि महिन्याभरात आखातात गेला. सुरुवातीला आईला फोन येत. पुढे तेही आले नाहीत.

त्या देवळात एक चाल आहे. कोणी घरचे माणूस दूर गेले, रागावले, हरवले, तर त्याच्या नावाने हळदीच्या फडक्यात तांदूळ, सुपारी आणि नोट घालून गाठ मारायची आणि मंडपातल्या एका ठरलेल्या खांबाला बांधायची. ज्याच्यासाठी बांधली त्यानेच येऊन ती सोडायची आणि आतले पैसे देवाला द्यायचे. दुसऱ्या कोणी हात लावला तर देवाला घातलेले गाऱ्हाणे फुकट.

बायकोने हजाराची नोट बांधली. तिच्याजवळ तेवढी एकच होती. तो खांब खजिनदारांच्या कदेलाच्या अगदी समोर होता. मान वर केली की गाठ दिसे.

"हजाराच्या नोटीन पोरगो येयत, तर विमानाचा तिकीट कोण काढीत?" ते मला म्हणाले. पण हे त्यांनी देवळाबाहेर आल्यावर म्हटले. मंडपात बसून त्या गाठीवर ते कधी बोलले नाहीत.

नोटबंदी जाहीर झाली तेव्हा तालुक्यात भक्तीची लाट आली. ज्यांनी देवळाची पायरी ओळखली नव्हती ते पिशव्या घेऊन दर्शनाला येऊ लागले. तुयेच्या कारखान्यांना कामगार पुरवणारा एक ठेकेदार संध्याकाळी मंडपात आला. त्याच आठवड्यात त्याने बेळगावच्या मुलांना पगार म्हणून बाद नोटा वाटल्या होत्या. ती मुले खजिनदारांनाच विचारायला आली होती, काका, याचं काय करायचं. ठेकेदाराने पिशवी मेजावर ठेवली.

"खजिनदारानूं, देवाच्या नावान घाला. मागची तारीख घाला. उपरांत आमी आमचा बघूं."

समितीचे तीन जण उभे होते. देवळाचे छप्पर गळत होते, आणि पिशवी मोठी होती. तिघांच्याही चेहऱ्यावर अचानक धर्मभाव दिसू लागला. खजिनदारांनी पिशवीतून एक नोट काढली आणि जनेलाकडे धरली. बाहेर उजेड फारसा उरला नव्हता.

"काल चलत होती," ते म्हणाले आणि पिशवी पुढे सरकवली. "देव म्हणजे तुझो कामगार न्हय, काय दिशीत ता घेवक."

ठेकेदाराने पिशवी उचलली. वळता वळता त्याने खांबाकडे पाहिले.

"आमची चलना नाय. आणि तुमच्या बायलेची हजाराची? ती पयली सोडा, काका. मगे आमका शिकवा."

कोणी हसले नाही. गावाला ती गाठ माहीत होती. ज्या माणसाने आयुष्यभर एकही मेलेली नोट आपल्या हातून देवाच्या पेटीत पडू दिली नव्हती, त्याच्याच घरची नोट देवासमोर मरायला टेकली होती.

उपाय सोपा होता. समितीचा सेक्रेटरी म्हणाला, गाठ सोडून नोट बदलून घेऊ आणि नवीन घालून पुन्हा बांधू; काकींना कळणारही नाही. सेक्रेटरी तरुण होता, व्यवहारी होता. खजिनदारांनी त्याच्याकडे असे पाहिले, की तो पुढचे दोन दिवस देवळात आला नाही.

बँकेत नोटा भरायच्या मुदतीच्या अखेरीस मी पेडण्यात रांगेची बातमी करायला गेलो. ते रांगेत होते. घरातल्या पाचशेच्या चार नोटा हातात, डोक्यावर टॉवेल.

"आणि ती?" मी विचारले.

"ती माझी न्हय. जेची तो सोडतलो."

"तोपर्यंत ती कागद झालेली असेल."

"झाली आसतली." रांग एक पाऊल पुढे सरकली. तेही सरकले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बापायची ती बंडलां मिया जाळूक नको होती."

बातमीत हे वाक्य नव्हते. बातमीत रांगेची लांबी होती.

त्यानंतरही ते कदेलावर बसत राहिले. गुलाबी दोन हजाराची नोट आली. तीही उजेडाला धरून त्यांनी तेच सांगितले, आणि त्या नोटेच्या बाबतीत ते बरोबर निघाले. पुढे समितीने खांबाशेजारी पैसे भरायच्या क्यूआर कोडची पाटी लावली. भाविक फोन समोर धरत, शेजारच्या यंत्रातून एका बाईचा आवाज रक्कम सांगे, आणि दर्शन पूर्ण होई. पहिल्याच दिवशी सेक्रेटरीने कौतुकाने आपला फोन त्यांच्या हातात दिला. "बघा काका, पैशे इले."

त्यांनी फोन जनेलाकडे धरला. पडद्याची बाजू पाहिली, पाठीची पाहिली.

"हेच्या पल्याडचा काय दिसना नाय," ते म्हणाले आणि फोन परत केला.

रांग हसली. यावेळी ती त्यांना हसली. पाटीसमोर चिकटपट्टीच्या नोटा येणे बंद झाले, हे खरे. देवाला फसवण्याची सोय गेली आणि समितीचे उत्पन्न कमी झाले, याची नोंद कोणी घेतली नाही.

ते गेले तेव्हा मुलगा वेळेवर पोहोचला नाही. चौथ्या दिवशी आला. आखातातून इतक्या घाईने येणाऱ्या माणसाच्या अंगावर असतो तसा चुरगळलेला शर्ट होता. बारावा झाल्यावर आई त्याला देवळात घेऊन गेली. मी तिथे होतो.

गाठ तेलाने आणि धुपाच्या धुराने दगडासारखी झाली होती. मुलाने ती नखांनी सोडवली. बराच वेळ लागला. तांदळाचे पीठ झाले होते. सुपारी पोकळ होती. नोट मात्र कोरी होती, बांधली तशी.

त्याने ती मेजावर ठेवली. मेजामागे आता सेक्रेटरी बसतो. तो ओशाळला.

"काकी, ही आता चलना नाय गे."

"बांदताना चलत होती," ती म्हणाली.

सेक्रेटरीने नोट उचलून पेटीत टाकली.

मुलगा परत गेला. जत्रेला तो आता फोनवरून पैसे पाठवतो. बाईचा आवाज रक्कम सांगतो आणि रांग पुढे सरकते. पेटी अजून जत्रेनंतर उघडतात. नाणी वेगळी, नोटा वेगळ्या करतात. ती हजाराची नोट प्रत्येक वेळी बाजूला निघते. बँक घेणार नाही आणि फाडण्याचा ठराव मांडायला कोणी तयार नाही. पेटीला कुलूप घालण्याआधी ती पुन्हा आत टाकतात. उजेडाला मात्र कोणी धरत नाही.