सावळेरामच्या अंगाचा वास

सावळेराम जन्मात कधी दारूला शिवला नाही, पण त्याच्या अंगाला रोज तिचाच वास येतो. आळेफाट्याजवळच्या आमच्या फाउंड्रीत वाळूच्या साच्यांना कोटिंग लावायचं त्याचं काम. कोटिंग म्हणजे स्पिरिटमध्ये कालवलेली ग्रॅफाइटची पूड. ब्रशनं साच्याला आतून एक हात मारायचा आणि काडी लावायची. भपकन जाळ होतो, स्पिरिट जळून जातं, काळा थर तेवढा उरतो. तो नसला तर वितळलेलं लोखंड वाळूत शिरतं आणि पंपाचं झाकण फणसासारखं खरबरीत निघतं.

मी शेजारीच साचे भरतो. हा बाबा म्हैस धुतल्यासारखा साच्यावरून सावकाश हात फिरवतो. घाई कर म्हटलं की त्याला ऐकूच येत नाही.

तोच वास त्याच्या लेकीच्या, जयाच्या मुळावर उठला. राजुरीचं स्थळ आलं होतं. मुलगा सुनील, ट्रॅक्टर दुरुस्त करतो. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. अन् हा शहाणा पाळी संपवून, कपडेही न बदलता पाहुण्यांसमोर येऊन बसला! सुनीलची आई मंगलबाई नाकाला पदर लावून उठल्या. बाईंच्या वडिलांनी दारूपायी घर बुडवलं होतं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पत्रिका जमत नाही. जया जेवेना. जाऊन खरं काय ते सांग, असं मी सावळेरामला म्हटलं.

"वास येतोय तवर कोण ऐकतंय, राव?" तो म्हणाला.

मग मीच उठलो. सुनीलचे वडील दादाभाऊ कांदा विकायला आळेफाट्याला आले होते. त्यांना हाताला धरून फाउंड्रीत आणलं. सावळेराम लाजून कोपऱ्यात गेला, मी त्याच्या हातात ब्रश कोंबला. साचा पेटला तसे दादाभाऊ हरखले आणि ब्रश मागून स्वतःच रंगवत बसले. काडीपेटी तेवढी मी दिली नाही, कारण निम्मं स्पिरिट त्यांच्या सदऱ्यावर होतं.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. घरी पोचले तर मंगलबाईंनी उंबऱ्यातच अडवलं. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या अंगाला तो वास पहिल्यांदाच येत होता. बाईंचे डोळे भरून आले.

"अगं, ही साच्याची दारू हाय. सावळेरामाला इचार."

"साक्षीला त्योच घावला व्हय तुमाला?" म्हणत त्यांनी नवऱ्याचं तोंड हुंगलं. नुसता तंबाखूचा वास. मग सदरा हुंगला. पुन्हा तोंड हुंगलं. आणि उंबऱ्यातून बाजूला झाल्या.

"त्या माणसाचं तोंड म्या कुठं हुंगलं व्हतं?" त्या हळूच म्हणाल्या. "फोन लावा त्येंला. पोरगी आमची झाली म्हणावं."