चौघांतून फुटून काढलेला अंक

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. कराडात आम्ही चौघे मिळून चार पानांचा सायक्लोस्टाइल अंक काढायचो. राजकारण, नाटक, गावोगावच्या सभा, डोक्यात येईल ते. लेखाखाली कुणाचंच नाव नसे. रविवारी दुपारी शेजारच्या मलकापुरात एका मित्राच्या खोलीवर मजकूर मोठ्याने वाचायचा. हा मित्र शाळामास्तर, आमच्यात सगळ्यात कमी बोलणारा. नियम एकच होता. एकानेही ‘नको’ म्हटलं की लेख जायचा नाही, आणि ‘का’ विचारायचं नाही. नियम मीच केलेला. कारणं मागितली की माणसं खोटी कारणं देतात, असं माझं म्हणणं. असली वाक्यं मी तेव्हा फार करायचो.

एकदा शिराळ्याकडच्या एका गावात मी एकटाच एका सत्काराला गेलो. सीमेवर कामी आलेल्या जवानाच्या बायकोला पुढाऱ्याने स्टेजवर बोलावलं, शाल दिली, शिलाई मशीन दिलं आणि पाऊण तास स्वतःविषयी बोलला. माझं टाळकं फिरलं. लेखात गावाचं, माणसांचं नाव न घालता त्याला सोलून काढला, पण शेवटी हेही लिहिलं, ‘नवऱ्याच्या बदल्यात मशीन मिळालं आणि बाई फोटोसाठी हसली.’ या वाक्यावर मी इतका खूश होतो की बँकेत काउंटरवर बसूनही तेच घोळवायचो.

रविवारी वाचलं. दोघांनी वाहवा केली. मास्तर म्हणाला, “नको.”

“का?” मी माझाच नियम मोडला.

“नको म्हनलं नव्हं.”

मग मी तोंडाला येईल ते बोललो. शाळा पुढाऱ्याची, नोकरी जाईल म्हणून शेपूट घालतोस, वगैरे. त्याच दिवशी मी फुटलो. अंक पोस्टात टाकायचं काम माझ्याकडे असल्याने पत्त्यांची वही माझ्याच घरी होती. ती मी परत केली, पण आधी पानन् पान उतरवून घेतलं. वाचक काही कुणाच्या मालकीचे नसतात, अशी स्वतःची समजूतही घातली.

महिन्याभरात माझा अंक निघाला. मथळ्यात ठळक अक्षरांत ‘स्वतंत्र’, पहिल्या पानावर तोच लेख, खाली माझं नाव. प्रत्येक पत्ता मी हाताने लिहिला. काही दिवस मी जमिनीवर नव्हतो.

मग एका दुपारी मास्तर बँकेत आला. म्हणाला, “रजा टाक. शिराळ्याकडं जायचंय.” भांडायला आला असता तर बरं वाटलं असतं. मुकाट त्याच्यामागे एसटीत चढलो.

“ती बाई माझी मावसबहीण हाय,” तो म्हणाला. “आपला अंक पहिल्यापास्नं जातोय तिला. सासऱ्याच्या नावानं.”

नात्यातलं कुणी फौजेत कामी आल्याचं तो मागे बोलला होता. मी चौकशीसुद्धा केली नव्हती.

“मग त्याच दिवशी सांगायचं होतंस!”

“सांगितलं असतं तर छापलं नसतंस?”

“नसतंच छापलं.”

“माझी बहीण म्हनून. दुसऱ्या कुणाची असती तर?”

मला उत्तर ठाऊक होतं आणि त्याची लाज वाटत होती.

घराच्या ओसरीवर सासरे बसले होते. डोळे पार गेलेले. तिने आम्हाला आत बसवलं, चहा दिला. कोपऱ्यात मशीन होतं, सुईखाली अर्धं शिवलेलं पोलकं. मी एवढंच म्हणालो, “चुकलो.”

“आवं दादा, फोटूवाला म्हणाला, बाई, इकडं बघा, हसा. माझा फोटू कवा काढलाच न्हवता कुणी. हसले.” तिने आवाज खाली आणला. “मामंजींना दिसत न्हाई. अंक आला की मीच वाचून दाखवते. तुमी लय खरं लिवता म्हणत्यात. ह्यो बी मोठ्यानंच वाचत हुते. त्या वळीपाशी मी थांबले, तर मामंजी म्हणाले, पुढं वाच की. मग मशीनच्या जागी म्हस वाचली.”

“त्यांना कळलं नाही?”

“न्हाई. सत्कार काय, गावोगाव चालत्यात. तुमी बोलू नगा.”

निघताना सासऱ्यांनी माझा हात चाचपून धरला. ‘स्वतंत्र’ काढणारा हाच, हे मास्तरने सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

“लय झ्याक लिवलंस, गड्या. नवरा गेला आन् म्हस घिऊन हसली म्हनं. कसली बाई असंल रं ती?”

ती दारातच उभी होती. मी काहीतरी बोलेन म्हणून तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी बोललो नाही. ती कपबशा घेऊन आत गेली.