न पुसलेला फळा

आमच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीशेजारी एक फळा आहे. कंट्रोलर साहेब रोज सकाळी त्यावरचा जुना सुविचार पुसून नवा लिहितात. आज त्या फळ्यासमोर एक मावशी थांबल्या, अक्षर अक्षर लावून वाचू लागल्या आणि वाचता वाचता त्यांनी जड पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. मग स्वतःशीच हसल्या.

मी पुढे होऊन वाचलं. फळ्यावर होतं, ‘ओझं तेवढंच आहे गं, मी फक्त हात बदलते.’

अहो, याच ओळींवरून काल आमच्या निवड समितीत तासभर भांडण झालं होतं! पुरस्कार साध्या माणसांना कळणाऱ्या कवितेचा, आणि एक परीक्षक म्हणतात, “फारच सोपं आहे हे. यात काव्य कुठंय?” कवयित्रीला एका मतानं पुरस्कार मिळाला, पण त्या प्रश्नाचा सल राहिलाच. आता वाटलं, त्या परीक्षकांना हाताला धरून इथं आणावं आणि ती पिशवी दाखवावी. कविता कळली की माणूस मान डोलावतो, एवढंच मला ठाऊक होतं. हातही हलतो, हे आज पाहिलं.

मी खिडकीत डोकं घातलं. “साहेब, कविता कुणाची, ठाऊक आहे का?”

“काय माहीत! बायको पोळ्या लाटताना म्हणत होती.”

“आजच लिहिलीत?”

“कसलं आजच! आठ दिवस झाले. डस्टर उचललं की बायका ओरडतात, ‘राहू द्या की हो भाऊ!’”