फक्त मागची दोन चाकं

श्रावणातला दुसरा सोमवार, सकाळी साडेनऊ. हजर: मी, म्हणजे त्या वेळचा ठाणेदार, माझे जमादार, फिर्यादी, म्हणजे आर्णी रस्त्यावरच्या एका कृषी पर्यटन केंद्राचे मालक, आणि त्यांचा चौकीदार. मशीनही हजर होती, पण विटांवर.

बाकीच्या गुन्ह्यांचे तपशील सांगायला मला जुनी डायरी उघडावी लागते. हा तपास डायरी मिटूनही आठवतो, कारण इतका मी क्वचितच गोंधळलो असेन.

मशीन म्हणजे चार जाड चाकांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली, शर्यतीच्या जातीची गाडी. पर्यटकांना शेतातून फिरवायला मालकांनी ती आणली होती. तिची मागची दोन चाकं रिमसकट गेली होती. पुढची दोन जागेवर, टाकीत पेट्रोल भरलेलं, किल्ली खिळ्याला.

जमादार मशीनभोवती दोनदा फिरले. "साहेब, ही चाकं आपल्या जिल्ह्यात दुसऱ्या कोणत्या गाडीले लागते? चोरानं नेऊन काय झोका बांधला?"

पंचनाम्यात मालाचं वर्णन लागतं. इथेच पहिला घोळ झाला. मालक म्हणाले, वीस-अकरा-नऊ. त्यांनी आणलेल्या बिलावर बावीस-अकरा-दहा. मशीनवर चिकटवलेल्या कागदावर वीस-दहा-नऊ. एकाच जोडीची तीन मापं. मला वाटलं, फिर्यादच खोटी असावी. मग वाटलं, बिल खोटं असावं. शेवटी तिन्ही मापं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. पंचनाम्यात प्रश्नचिन्ह काढण्याची ती माझी पहिलीच वेळ.

चौकीदाराचं वय पंचावन्न. पूर्वी ट्रॅक्टर चालवायचा. नवरा-बायको केंद्राच्याच आवारातल्या खोलीत राहायचे. झडतीत त्या खोलीत चाक खोलायचा पाना मिळाला आणि मला हायसं वाटलं. निदान एक गोष्ट तरी जागेवर बसत होती.

ठाण्यात त्याला बाकावर बसवलं.

"पाना कशाला ठेवलात?"

"ट्रॅक्टर चालवत होतो साहेब. पाना असतेच."

"चाकं कोणी नेली?"

तो म्हणाला, "मले इचारू नका. पण साहेब, चोर असता तं चारही नेले असते. फक्त मागचीच कायले नेईन? ज्यानं नेली, त्याले मशीन चालवाची हाये."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तेच."

जमादारांनी कपाळाला हात लावला. "काका, कोडे घालायले आले का इथं?"

मी ते वाक्य जबाबात घेतलं, त्याचा अर्थ मात्र लावला नाही. ठोस पुरावा नसल्यामुळे संध्याकाळी त्याला सोडलं. फाटकाबाहेर मालक उभेच होते. "काका, उद्या खोली खाली करून द्या," एवढंच म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले. मी आत जाऊन डायरी लिहायला बसलो.

बुधवारी, निदान मापांचा तरी उलगडा व्हावा म्हणून, यवतमाळात, ते बिल देणाऱ्या टायरवाल्याकडे गेलो. तो हसला. "सोपं हाये साहेब. पहिला आकडा उंची, दुसरा रुंदी, तिसरा रिम. सगळं इंचात. कंपनीनं वीसचे टायर देल्ले. मालकाले मशीन उंच दिसली पायजे होती, त्यायनं मोठ्या रिमवर बावीसचे घेतले. आता ते तिसरंच माप सांगून राह्यले, म्हणजे त्यायले आठवत नसन. पण तेवढा रुंद टायर आपल्या काळ्या मातीत गारा धरते. दोन चकरीत चाकाचा लाडू होते. इथं अरुंद पायजे, उंच दातांचा."

"असा कोणी नेला का?"

"मागच्या आठवड्यात नेला ना. बाभुळगावचा मिस्तरी. म्हणे, कपाशीच्या दोन ओळींमधून मशीन गेली पायजे."

तासाभरात आम्ही बाभुळगावात होतो. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये दोन्ही चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली.

मिस्तरी घाबरला नाही, वैतागला. "मोठ्या मालकानं सांगतलं साहेब. बैलजोडी इकली, डवरणीले, ओळींमधलं तण काढाले, माणूस भेटत नाही. म्हणे, या मशीनले डवरा लावू. आता ट्रॅक्टरची चाकं कशी, रिम उलटी केली की आत येते आणि ओळीत बसते. तशीच हे तिथं केंद्रावरच उलटी करून पाह्यली, तं रिम मागच्या दांड्याले घासून राह्यली. तिले दुसरी रिम लागते. नागपूरहून येऊन राह्यली."

मोठे मालक म्हणजे फिर्यादीचे वडील. चाकं मिस्तरीच्या हवाली करून ते देवदर्शनाला बाहेरगावी गेले होते. गुरुवारी परतले तेव्हा मी केंद्रातच होतो. त्यांनी आधी चौकीदाराची रिकामी खोली पाहिली आणि मग मुलाकडे.

"त्याले मीच म्हणलं होतं, पोराले सांगू नको, हसन मले. पण पोलिसापाशी तरी सांगाचं ना त्यानं!"

मुलगा मान खाली घालून उभा राहिला. मोठ्या मालकांना मी एवढंच समजावलं: चाकं आत घेतली की अशी मशीन बांधावर पटकन उलटते, तेव्हा डवरणीला वेगळं काही बघा. गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून 'क' समरी, म्हणजे तपास बंद केल्याचा अहवाल, कोर्टात पाठवली. चाकं परत गेली. बावीसचीच.

या तपासानं मला शिकवलं ते असं. पाना कोणाजवळ आहे, हे मी पहिल्याच तासात शोधलं. चाकं बदलायची गरज कोणाला आहे, हे शोधायला तीन दिवस लागले. आणि त्याचं उत्तर सोमवारीच माझ्या हस्ताक्षरात जबाबात लिहिलेलं होतं. दिलेला शब्द न मोडता एका माणसाला जेवढं सांगता येतं, तेवढं त्यानं सांगितलं होतं.

गुरुवारी रात्री मी नेहमीसारखी शिल्लक कामांची यादी केली. सहा कामं. पाचांपुढे खूण आहे. सहावं असं: 'चौकीदार केळापूरकडे मुलीच्या गावी गेला आहे. तिथे जाऊन, चार लोकांसमोर, तो चोर नाही हे ठाणेदारानं स्वतः सांगणे.'

आधी बंदोबस्त होता, मग बदली झाली, मग निवृत्ती. आता यातलं काहीच नाही. ठाणेदारही मी राहिलो नाही. यवतमाळहून तिकडे जाणाऱ्या बसची वेळ त्याच पानावर लिहून ठेवली आहे. सहाव्या ओळीपुढची जागा अजून कोरी आहे.